अंगालगतचें वस्त्र

जें वस्त्र चारचौघांस दिसतें त्याची निवड करतांना मनुष्य पुष्कळ विचार करितो. जें दिसत नाहीं तें मात्र हातीं येईल तसें अंगांत घालतो. कोटाचें कापड, सदऱ्याचा रंग, स्वेटराची वीण ह्यांविषयीं घरोघर चर्चा होते. गंजीफ्रॉकाविषयीं ती झालेली मीं कधीं ऐकिली नाहीं. परंतु हिंवाळ्यांत सायकलीवरून शाळेंत येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतींत ह्या न दिसणाऱ्या वस्त्रावरच पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. आणि तें नीट निवडण्यास फारसा पैसा लागत नाहीं, थोडी समजूत लागते, असें माझें मत आहे. हें मत बनण्यास एक प्रसंग कारण झाला. त्यांत माझी चूक आहे, म्हणून तो प्रथम सांगतों.

२०२५ सालच्या जानेवारींतील ही गोष्ट. इयत्ता नववीस पहिला तास माझा, गणिताचा, असे. मागच्या बांकावरील एक मुलगा त्या तासास नेहमीं अंग आंखडून बसलेला दिसे. हात काखेंत, मान खालीं. फळ्यावरील उदाहरण उतरून घ्यावयास सांगितलें तर अक्षर वेडेंवांकडें. दोन तास उलटले म्हणजे तोच मुलगा चांगला हुशारीनें बोलूं लागे. मीं ह्याचा सोपा अर्थ लाविला कीं, तो आळशी आहे, आणि एके दिवशीं सर्वांसमक्ष त्यास म्हणालों, "रात्रीं वेळेवर निजत जा, म्हणजे सकाळीं वर्गांत पेंग येणार नाहीं." तो कांहींच बोलला नाहीं. शेजारचा मुलगा मात्र उभा राहून म्हणाला, "सर, त्याला पेंग येत नाहीं. त्याचें अंग ओलें असतें."

तास संपल्यावर मीं त्यास शिक्षकांच्या खोलींत बोलाविलें. वर जाड स्वेटर होता, तो कोरडा होता. आंत हात घातला तों गंजीफ्रॉक पाण्यांतून काढल्यासारखा ओला आणि थंडगार लागला. एक नव्हे, दोन गंजीफ्रॉक होते. चौकशी केली तेव्हां समजलें कीं, हा मुलगा ९ किलोमीटरांवरील एका वाडींतून सायकलीनें येतो. शेवटचे दोन किलोमीटर चढाचे आहेत. सहा वाजून दहा मिनिटांनीं तो घर सोडतो, कारण शाळा सातास भरते. थंडी वाजते अशी तक्रार त्यानें घरीं केली, म्हणून आईनें मायेनें एकावर दुसरा गंजीफ्रॉक चढविला होता. म्हणजे रोग वाढावा असेंच औषध नकळत दिलें जात होतें.

पुढें चार दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली. ती म्हणाली, "सर, वर्गांतल्या त्या दुसऱ्या पोरांकडं आहे तसलं थर्मल घ्यावं म्हणते. दुकानांत साडेआठशें सांगितले. बचत गटांतनं पैसे उचलते." मीं म्हटलें, "ताई, चार दिवस थांबा. आधीं मला तें पाहूं द्या." त्याच सायंकाळीं मीं दुकानांत जाऊन तें थर्मल हातीं घेतलें. जाड, मऊ, पांढरें शुभ्र; आणि आंतील बाजूस शिवलेली चिठ्ठी वाचली तों त्यांत निम्म्याहून अधिक कापूस. ती माउली साडेआठशें रुपयांचें कर्ज काढून तीच चूक अधिक किंमतीनें विकत घेणार होती. दुकानदाराचा दोष नाहीं; घरीं स्वस्थ बसणाऱ्या मनुष्यास तें वस्त्र उबदारच आहे. चढ चढून घामाघूम होणाऱ्या मुलासाठीं तें केलेलें नाहीं, एवढेंच.

आतां ह्या थंडीचें कारण पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, सायकलीवर वारा लागतो म्हणून थंडी वाजते. हें खरें आहे, पण थोडेंच खरें आहे. हवा १० अंशांवर असतां ताशीं १५ किलोमीटर वेगानें गेलें तर ती सुमारें ८ अंशांसारखी भासते. म्हणजे वाऱ्याचा फरक दोन अंशांचा. खरा शत्रु ओलावा होय. पाणी हें स्थिर हवेच्या सुमारें २५ पट वेगानें उष्णता वाहून नेतें. शिवाय एक ग्रॅम घाम अंगावर वाळण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. समजा, गंजीफ्रॉकांत ५० ग्रॅम घाम मुरला आहे. तो अंगावर वाळवावयाचा म्हणजे २९,००० कॅलरी, अर्थात् २९ किलोकॅलरी, खर्चीं पडल्या. नववींतील मुलगा स्वस्थ बसला असतां त्याचें शरीर तासाभरांत साधारण ६० ते ६५ किलोकॅलरी उष्णता निर्माण करितें. म्हणजे पहिल्या तासाची जवळजवळ अर्धी ऊब गंजीफ्रॉक वाळविण्यांत जाण्याजोगी! सायकल चालवीत असतांना शरीर ह्याच्या कित्येक पट उष्णता निर्माण करितें, म्हणून वाटेंत मुलास थंडी जाणवत नाहीं. ती बांकावर बसल्यावर जाणवते. आणि आम्ही शिक्षक त्यास आळशी म्हणतों.

ह्यावरून अंगालगतच्या वस्त्राचें काम काय हें स्पष्ट होतें. ऊब देणें हें त्याचें मुख्य काम नव्हे. ऊब स्वेटर देईल. त्याचें काम घाम अंगावरून उचलून बाहेर लोटणें आणि आपण लवकर कोरडें होणें हें आहे. ह्या कसोटीवर निरनिराळे तंतु घासून पाहावे. साधारण दमट हवेंत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेंत, कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें ८ टक्के ओलावा धरितो, लोंकर सुमारें १६ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लोंकर कापसाहून अधिक ओलावा धरिते हें वाचून नवल वाटेल; परंतु ती तो वाफेच्या रूपानें तंतूच्या आंत घेते, घेतांना थोडी उष्णता सोडते, आणि ओली झाली तरी तिचे कुरळे केंस फुगीर राहून त्यांत हवा टिकते. कापसाचें तसें नाहीं; तो भिजला कीं चोपून अंगास चिकटतो आणि पाणी सोडीत नाहीं. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाहीं, पण त्याची वीण नीट असली तर धाग्यांमधील बारीक फटींतून घाम पसरतो आणि लवकर उडून जातो. ज्यास ह्याची प्रचीति पाहावयाची असेल त्यानें एक सुती गंजीफ्रॉक व एक खेळाची जर्सी एकाच बादलींत भिजवावी, सारखीच पिळावी आणि सावलींत एकाच दोरीवर टाकावी. कोणतें वस्त्र आधीं वाळतें हें त्यास कोणी सांगावें लागणार नाहीं.

ही विद्या आजची नाहीं. जर्मनींतील डॉक्टर गुस्टाव्ह येगर ह्यांनीं १८८० च्या सुमारास अंगालगत लोंकरच वापरावी असा उपदेश चालविला. त्यांच्या नांवानें १८८४ सालीं लंडनमध्यें दुकान निघालें आणि जॉर्ज बर्नार्ड शॉसारखा ग्रंथकार त्यांचे लोंकरीचे कपडे घालून हिंडूं लागला. वनस्पतींचे तंतु शरीरास अपायकारक असतात हें येगर ह्यांचें तत्त्व आज कोणी मानणार नाहीं; परंतु घामाच्या अंगास लोंकर सोसते हा त्यांचा अनुभव टिकला. १९०३ सालीं फ्रान्समध्यें सायकलींची मोठी शर्यत सुरू झाली, तेव्हांपासून कित्येक दशकें तेथील स्पर्धक लोंकरीच्याच जर्सी घालीत. डोंगराचा माथा गांठल्यावर उतारावर वारा बाधूं नये म्हणून ते वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आंत छातीवर सरकवीत. १९३३ सालीं नॉर्वेच्या सैन्यांतील हेन्रिक ब्रून नांवाच्या अधिकाऱ्यानें मासे धरण्याच्या जाळ्यांतून एक बंडी तयार केली. जाळीच्या भोंकांत हवा राहते, घाम साचत नाहीं, हें त्यानें ओळखिलें होतें. पुढें १९४१ सालीं व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्या दोघां इंग्रज संशोधकांनीं पॉलिएस्टरचा धागा शोधून काढिला. ह्या सर्व कथेंत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तींतील दोन युक्त्या, मासळीचें जाळें आणि वाचून झालेलें वर्तमानपत्र, ह्या जवळजवळ फुकटच्या आहेत.

मग आपल्या मुलांनीं काय घालावें? उत्तम म्हणजे बारीक मेरिनो लोंकरीचा गंजीफ्रॉक. तो टोंचत नाहीं, त्यास वास लवकर येत नाहीं. परंतु त्याची किंमत हजारांत जाते, आणि वाढत्या मुलास तो दुसऱ्या वर्षीं होत नाहीं. मीं स्वतः एकदां मोह पडून तसला एक घेतला होता. पहिल्याच महिन्यांत तो घरच्या इतर कपड्यांबरोबर कढत पाण्यांत गेला आणि आटून माझ्या धाकट्या मुलीच्या मापाचा झाला. माझ्या पगारांतील तेवढी रक्कम मला एक धडा शिकवून गेली. आपल्या धनगर बांधवांची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोंकरीची; वरून पांघरण्यास तिच्यासारखें दुसरें वस्त्र क्वचितच सांपडेल. परंतु ती लोंकर जाड व राठ असल्यामुळें अंगालगत घेववत नाहीं. तेव्हां ज्याचें उत्पन्न बेताचें आहे त्यानें लोंकरीचा हट्ट धरूं नये.

त्यानें आपल्या घरांतील पेटी उघडावी. आज असें घर विरळा, कीं ज्यांत कोणत्या ना कोणत्या स्पर्धेंत, शर्यतींत अथवा उत्सव मंडळांत मिळालेली पातळ जर्सी पडलेली नाहीं. ह्या जर्सी बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात. चिठ्ठी वाचली कीं खात्री होते. मुलें त्या वरून मिरवितात. मी म्हणतों, त्या आंतून घाला. आणि गंमत अशी कीं, गेल्या वर्षींची जी जर्सी आतां अंगास घट्ट होऊं लागली म्हणून टाकून दिली, तीच ह्या कामास अधिक योग्य. कारण अंगालगतचें वस्त्र अंगास लागून असेल तरच तें घाम उचलतें, सैल लोंबत असेल तर उचलीत नाहीं. मात्र श्वास कोंडेल किंवा काखेंत कांचेल इतकें तें घट्ट असूं नये. घरीं नसेलच, तर आठवडी बाजारांत दीडदोनशें रुपयांत तशी जर्सी मिळते. हा उपाय मुलींसही तितकाच लागू आहे; गणवेषाच्या आंत बिनबाह्यांची पातळ जर्सी सहज मावते.

त्यावर एक साधा स्वेटर पुरे. हिंवाळ्यांत आपल्या शहरांतून तिबेटी विक्रेते जे स्वेटर आणितात त्यांतील पातळसा बरा. फार जाड स्वेटर घालून चढ चढणें म्हणजे घाम आपण होऊन ओढवून घेणें होय. घर सोडतांना किंचित् थंडी वाजली पाहिजे; दारांतच ऊब वाटली तर अर्ध्या वाटेंत अंग भिजलेंच म्हणून समजावें. चढाच्या पायथ्याशीं स्वेटराचीं बटणें सोडावीं, माथ्यावर लावावीं. उतार असेल तर घडी केलेलें वर्तमानपत्र छातीवर सरकवावें. कान आणि हात झांकावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे दप्तरांत एका कोरड्या पिशवींत दुसरा गंजीफ्रॉक ठेवावा व शाळेंत पोंचतांच तो बदलावा. हा दुसरा सुती असला तरी चालेल, कारण आतां घाम यावयाचा नाहीं.

कृत्रिम धाग्याचे दोष मी लपवीत नाहीं. त्यास घामाचा वास लवकर लागतो. म्हणून तो रोज धुवावा. तो रात्रींतून वाळतो, तेव्हां एकावर भागतें. धुतांना कपडे मऊ करणारें सुवासिक द्रव्य घालूं नये, त्यानें घाम उचलण्याचा गुण कमी होतो. हा धागा आंचेनें वितळून कातडीस चिकटतो. म्हणून चुलीजवळ किंवा प्रयोगशाळेंतील दिव्याजवळ केवळ तेवढ्यानिशीं उभें राहूं नये. पुष्कळ धुतल्यानें त्याचे सूक्ष्म कण पाण्यांत जातात, हाही आक्षेप खरा आहे. म्हणूनच नवें विकत घेण्याआधीं घरांत पडलेलें वापरा, असें मी सांगतों.

कोणी म्हणेल, आमचे वाडवडील सुती कापड घालून जन्मभर हिंडले, त्यांस काय झालें? त्याला माझें उत्तर असें कीं, चैत्र-वैशाखांत सुतासारखें वस्त्र नाहीं, आणि तें मीही घालतों. उन्हाळ्यांत ओला राहणारा गंजीफ्रॉक अंगास थंडावा देतो, तो गुणच होय. जो उन्हाळ्यांत गुण तोच जानेवारींत अवगुण, एवढेंच माझें म्हणणें. आणखी कोणी म्हणेल, थोडीशी थंडी मुलांस काटक करिते. रस्त्यावरील थंडी करीत असेल. परंतु ओल्या कपड्यांत तासभर बांकावर बसून कोणी काटक झाल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. निफाडच्या आसपास कांहीं हिंवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खालीं उतरतो. तेथील शेतकरी द्राक्षांच्या वेलींस थंडी बाधूं नये म्हणून पहाटे बागेंत शेकोट्या पेटवितात. वेलीची जी काळजी, ती मुलाची असूं नये काय?

ह्यांत शाळेचेंही कांहीं कर्तव्य आहे. २०२४ सालीं शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊपूर्वीं भरवूं नयेत असा आदेश काढिला, तो योग्यच झाला. परंतु वरच्या वर्गांतील मुलें, जीं लांबून सायकलीनें येतात, तीं त्यांत येत नाहींत. त्यांच्यासाठीं तीन गोष्टी कराव्या असें मी सुचवितों. मुलांसाठीं व मुलींसाठीं कपडे बदलण्यास एकेक बंद खोली असावी. मागच्या व्हरांड्यांत ओले गंजीफ्रॉक वाळत घालण्यास एक दोरी असावी. आणि थंडीच्या दोन महिन्यांत सायकलीनें येणाऱ्यांस प्रार्थनेस पांच मिनिटें उशीर झाला तर तो माफ असावा. गणवेषाच्या गळ्यांतून जर्सीची रंगीत कड दिसली म्हणून कोणास दंड करूं नये. ह्या सर्वांस मिळून खर्च काय, तर एक दोरी.

त्या मुलाचें पुढें काय झालें हें सांगून हा लेख पुरा करितों. त्याच्या पेटींत आदल्या वर्षींच्या कबड्डीच्या स्पर्धेंतील जर्सी निघाली. ती त्यास घट्ट होत होती. ती आंत, वर स्वेटर, आणि दप्तरांत कोरडा गंजीफ्रॉक, असा त्याचा क्रम सुरू झाला. आईस बचत गटांतून पैसे उचलावे लागले नाहींत. मीं वर्गासमक्ष जें बोललों होतों तें वर्गासमक्षच परत घेतलें. तें घेणें मला जड गेलें, परंतु त्यावांचून गत्यंतर नव्हतें. गणितांत तो एकाएकीं पहिला आला असें झालें नाहीं, आणि जानेवारींत त्याचीं बोटें अजूनही गारठतात. परंतु पहिल्या तासास त्याचे हात आतां काखेंत नसतात, वहीवर असतात.

पालकांस माझी विनंती एवढीच कीं, आपल्या मुलास थंडी वाजते असें दिसलें तर दुकानाची वाट धरण्यापूर्वीं त्याच्या पाठीवर, आंतून, एकदां हात ठेवून पाहावा. शिक्षकबंधूंस आणि भगिनींसही तीच विनंती. मुलाविषयीं मत बनविण्यापूर्वीं.